आईचा गंधार

आमच्या घरात गाणं होतं, पण त्याला गाणं म्हणायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. माझी आई धवलारीण होती. आम्हा आगरी लोकांत लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. भटजी आले तर आले, नाही आले तर कुणाचं अडत नसे. पण हळद दळण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला, म्हणजे त्या विधीच्या सुरात म्हणायच्या ओळी, लागतो, आणि ती म्हणेल त्याच क्रमाने सगळं होतं. विचुंब्यात आणि आजूबाजूच्या चार गावांत गोमीबाय म्हणजे माझी आई. ती पोचली नाही म्हणून नवरी अंगाला हळद न लावता दुपारपर्यंत पाटावर बसून राहिल्याचं मी स्वतः पाहिलंय. लोक त्याला मान म्हणत, आई त्याला काम म्हणायची. गाणं म्हणजे रेडिओवर लागतं ते, असं आमचं सगळ्यांचं मत होतं, आणि त्यात सगळ्यात पुढे मी.

घर दीड खोल्यांचं, पुढे शेणाने सारवलेला ओटा, मागे मोरी आणि मोरीला लागून शेवग्याचं झाड. आज त्याच जागेवर सात मजली इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर, आमच्या वाट्याला आलेल्या घरात बसून मी हे लिहितेय. डोक्यावरून आता विमानं जातात. शिकवणीच्या वेळी विमान आलं की मी मुलांना हात वर करून थांबवते, आणि तीही आनंदाने थांबतात, कारण सराव कुणालाच नको असतो. त्या काळी मात्र सकाळ व्हायची ती आईच्या खोकल्याने आणि मशेरीच्या वासाने. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची आणि बोटाने दातांना घासत बसायचं. गावातल्या सगळ्या बायकांचं हे पहिलं काम, चहाच्याही आधीचं. तो वास नाकात गेला की माझ्या पोटात अजून भूक उठते, कारण मशेरीनंतर त्याच तव्यावर तांदळाची भाकरी पडायची आणि निखाऱ्यावर सुकट. बाबा करंजाला बर्फाच्या कारखान्यात होते, आठवड्यातून एकदा घरी यायचे आणि येताना सुकी मासळी आणायचे. ते फार बोलत नसत. बर्फात राहून जीभ गारठली असावी, असं आई म्हणायची.

आई धवला म्हणायला बसली की तिचा चेहरा एकदम परका व्हायचा. समोर तांदळाचं सूप, एक हात कानावर, नजर तांदळावर. ओळ ती एकटी म्हणायची. ओळ संपत आली की मागे बसलेल्या बायका शेवटचं अक्षर उचलायच्या आणि लांब ओढायच्या. त्यांत शेजारची धर्मीकाकी सगळ्यात पुढे, कारण ती आईच्या मागे पंचवीस वर्षं बसली होती. आख्खी ओळ मात्र दुसरी कुणी म्हणायची नाही, तो रिवाजच नव्हता. आणि दुसरा रिवाज असा, की मांडव नसताना धवला म्हणायचा नाही. उगाच म्हटला तर ज्याच्या नावाने म्हणाल त्याचं लग्न मोडतं, अशी आईची पक्की समजूत होती. त्यामुळे घरात, शेतात, दळताकांडताना तिने कधी धवला गुणगुणल्याचं मला आठवत नाही. तिची आई तशीच होती म्हणे. मला तिने कधी शिकवला नाही. शिकवायची वस्तूच नव्हती ती. मागे बसून बसून एखादीला यायची, आणि मी मागे बसत नसे. मी बारावीला इंग्रजीत आपटून घरी बसले होते, पण अक्कल मात्र पास झालेल्यांपेक्षा जास्त होती असा माझा समज होता.

आई नवीन पनवेलच्या सेक्टरांत भाजी विकायला जायची. मुळा, लाल माठ, थंडीत वालाच्या शेंगा. मी पाटी घेऊन मागे. एका इमारतीत तळमजल्यावर मॅथ्यू सर राहायचे. माणूस केरळचा, तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीवर कामाला, आणि रविवारी चर्चमध्ये बाजा वाजवणारा. त्यांच्या भावाने आखातातून पाठवलेला कीबोर्ड खिडकीजवळ मांडलेला असायचा. आई त्यांच्या बायकोशी माठाच्या जुडीवरून घासाघीस करत असताना मी खिडकीतून बघत उभी राहायचे. सरांनी एकदा तीन बोटं एकदम ठेवली आणि तीन सूर एकदम निघाले. मला तोवर सूर म्हणजे एकापाठोपाठ एक येणारी गोष्ट वाटत होती. तिघं एकदम येऊ शकतात आणि भांडत नाहीत, हे ऐकून मी पाटी खाली ठेवली. सर म्हणाले, "आत ये ना. बाहेर उभी राहून कान लांब होतील." अशी माझी शिकवणी सुरू झाली.

सरांचं मराठी कारखान्यात शिकलेलं, त्यामुळे त्यात लिंग-वचनाला विशेष किंमत नव्हती. पण जे सांगायचे ते डोक्यात खिळ्यासारखं बसायचं. "एक घे, एक सोड, एक घे, एक सोड, एक घे. झाला." सा घे, रे सोड, ग घे, म सोड, प घे. सा, ग, प. बस्स, एवढंच. कुठूनही सुरू कर, एक सोडून एक घे, तिघांचं कुटुंब तयार. मग त्यांनी पट्ट्या मोजायला लावल्या, काळ्या-पांढऱ्या सगळ्या. सा पासून ग पर्यंत चार पावलं, ग पासून प पर्यंत तीन. खाली चार, वर तीन, तर ते मेजर. आता मधलं बोट एकच पट्टी खाली आणायचं, बाकी दोन बोटं जागच्या जागी. खाली तीन, वर चार. ते मायनर. मी मधलं बोट सरकवलं आणि खोलीतला उजेड कमी झाल्यासारखा मला वाटला. सर हसले. म्हणाले, "खालचा सूर म्हणजे जमीन. वरचा सूर म्हणजे छप्पर. दोन्ही तेच हाय, हलला नाय. मधला म्हणजे माणूस. माणूस खूश तर घर खूश. माणूस रडतो तर घर रडतो." मी विचारलं, "आणि मधला दाबलाच नाही तर?" त्यांनी सा आणि प दोनच दाबून दाखवले. मोठा, रिकामा, थंड आवाज. "खाली घर," ते म्हणाले, म्हणजे रिकामं घर. "कोणी पण येऊन राहू शकतो." मला तो आवाज आवडला नाही. मी पुन्हा मधलं बोट ठेवलं.

घरी कीबोर्ड कुठला. मी जेवायच्या पाटाच्या मागच्या बाजूला चुन्याने पांढऱ्या पट्ट्या आखल्या आणि कोळशाने काळ्या भरल्या, आणि ओट्यावर बसून तास तास तीन बोटं ठेवत राहायचे. आवाज डोक्यात. आई भाजी निवडता निवडता बघायची आणि म्हणायची, "बाय, पाट मुका हाय, त्याला कशाला टोचतेस?" पण थांबवायची नाही. मला वेडच लागलं होतं. मी सगळ्या जगाचे मेजर आणि मायनर असे दोन कप्पे करून टाकले होते. एसटीचा हॉर्न मेजर, शेजारच्या म्हशीचं हंबरणं मायनर, बाबांची शिंक मेजर. प्रत्येक सुरावर तिघांचं कुटुंब कसं बसतं ते मी पाठ केलं: सा वर मेजर, रे वर मायनर, ग वर मायनर, म आणि प वर मेजर, ध वर मायनर, आणि नी वरचं ते चमत्कारिक, खाली तीन वर तीन, आखडलेलं. यांच्याबाहेर काही असू शकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नाही. आज माझ्याकडे येणारी मुलं पहिल्या महिन्यात असंच सगळ्या जगाचं वर्गीकरण करतात. मी त्यांना बोलत नाही. बोलायला हवं, हे मला माहीत आहे.

त्या वर्षी आईचा घसा बसला तो उठेना. आधी आम्ही लग्नसराईवर ढकललं, मग थंडीवर. मग गळ्याला बाजूने गाठ लागायला लागली, भाकरी गिळताना ती डोळे मिटायला लागली, आणि एक दिवस थुंकीत रक्त आलं. पनवेलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे रांगा, कागद, पुन्हा रांगा. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, कारण आई, बाबा आणि मी या तिघांत शिकलेली मीच दिसत होते. कॅन्सर स्वरयंत्रात आहे, ते काढावं लागेल, गळ्याला पुढून भोक ठेवतील, श्वास तिथून. जीव वाचायची आशा आहे. आवाज जाणार. मी हे सगळं आईला आमच्या भाषेत सांगितलं, आणि सांगताना आवाजाचं वाक्य सगळ्यात शेवटी ठेवलं. तिने एकच विचारलं. "कवा?" मी तारीख सांगितली, अडीच आठवड्यांनंतरची. तिने बोटांवर काही मोजलं. ती पदरचे धवले मोजत होती, की कबूल केलेली लग्नं, ते मला कळलं नाही. घरी आल्यावर तिने चूल पेटवली, तवा ठेवला, आणि हातात घेतलेली तंबाखूची पुडी तशीच मोरीत नेऊन ओतली. मग म्हणाली, "म्हंजे तुज्या लगनात मी मुकी."

मला रडू आलं नाही, कारण मला लगेच उपाय सुचला, आणि उपाय सुचलेल्या माणसाला रडू येत नाही. आमच्याकडे रेडिओ आणि कॅसेटचा टू-इन-वन होता. मी म्हटलं, आपण तुझा आवाज भरून ठेवू. माझ्या लग्नाचा धवला तू आत्ताच म्हण, तेव्हा आपण तो लावू. आईने आधी ऐकूनच घेतलं नाही. मांडव नाही, नवरा नाही, नवरीचं वय नाही, आणि धवला म्हणायचा? लग्न मोडेल. दोन दिवस ती हेच म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मांडव घालू." म्हणजे तिने रिवाजाला बगल दिली नाही, तिने रिवाज पुरा केला. बाबा रविवारी आले तेव्हा त्यांनी खोलीच्या चार कोपऱ्यांत चार बांबू उभे केले, त्यांना आंब्याचे डहाळे बांधले, आणि मला नवी साडी नेसवून आईने पाटावर बसवलं. पाट तोच, चुन्याच्या पट्ट्या खाली करून. धर्मीकाकीला बोलवू म्हटलं तर आई नको म्हणाली. गावाला कळलं तर बोभाटा होईल, मुलीचा मांडव नवऱ्यावाचून घातला म्हणून. या सगळ्यात मी माझी भर घातली. मी मॅथ्यू सरांचा कीबोर्ड एका दिवसासाठी मागून आणला, चादरीत गुंडाळून, रिक्षातून, मांडीवर बाळासारखा धरून. नुसता आवाज काय भरायचा, खाली माझे तीन सूर असतील तर धवला रेडिओसारखा वाटेल, असं माझ्या मनात होतं. आईला द्यायची भेट होती ती. हे मी आज स्वतःची बाजू मांडायला लिहीत नाही, पण होती.

आईचा सा मी शोधून काढला. काळी तीन, म्हणजे सप्तकातली तिसरी काळी पट्टी. मला फार आनंद झाला, कारण काळी तीनवर मेजर बसवलं की तिन्ही बोटं काळ्यांवर येतात: काळी तीन, काळी पाच आणि वरची काळी एक. मायनरला फक्त मधलं बोट काळीवरून खाली पांढरी सहावर उतरतं. बाबांनी टू-इन-वनची दोन बटणं एकदम दाबली. मी मेजर धरलं. आईने कानावर हात ठेवला, सुपातल्या तांदळाकडे पाहिलं आणि सुरुवात केली. घसा बसलेला असूनही आवाज निघाला, फाटका पण भरलेला. पहिल्या ओळीत आधी गणपतीचं नाव, मग ग्रामदेवतेचं, मग माझं. माझ्या नावाशी तिचा सूर वर चढून गंधारावर, म्हणजे ग वर, थांबायचा. तो थांबला आणि मला करकर ऐकू आली. तिचा ग माझ्या ग पेक्षा खाली होता. मी थांबवलं. म्हटलं, असेल मायनर. मधलं बोट पांढरीवर घेतलं, कॅसेट मागे फिरवली, पुन्हा. आता तिचा ग माझ्या ग पेक्षा वर. तो काळी पाचवरही नव्हता आणि पांढरी सहावरही नव्हता. त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये होता, आणि मध्ये प्लास्टिकच्या फटीखेरीज काही नव्हतं. त्या क्षणी माझ्यापुढे दोन शक्यता होत्या. एक, सरांच्या पट्ट्यांत सगळे सूर मावत नाहीत. दुसरी, आई बेसूर आहे. दुसरी मला जास्त सोपी वाटली.

"आई, तू मध्येच पडतेस," मी म्हटलं. मी तोवर घरातसुद्धा शहरी बोलायला लागले होते. "हा बघ सूर. ऐक." मी काळी पाच एकटीच दाबून धरली.

"बाय, मना नाय समजत तुजी पट्टी. माजे आयनी म्हटला तसा म्हनते मी."

"तिचाही चुकत असेल."

आईने सुपातले तांदूळ हाताने सारखे केले. बाबा भिंतीला टेकून बसले होते, दोन बोटं बटणांवर. ते म्हणाले, "पयलाच बरा व्हता, नंदे." मी त्यांना म्हटलं, तुम्हाला सुरातलं काय कळतं. करंजाला बर्फ फोडणाऱ्या माणसाला मी असं म्हटलं, आणि त्या माणसाने पुन्हा बटणं दाबली.

मग आम्ही पुन्हा केलं. पुन्हा केलं. प्रत्येक वेळी मी कॅसेट मागे फिरवायचे आणि आधीच्यावरच नवीन भरायचे. कॅसेट एकच होती हे खरं, पण तिच्या दुसऱ्या बाजूला भरपूर जागा होती, हेही खरं. मला चुकीचं राहायला नको होतं. पाच-सहा वेळा झाल्यावर आईचा श्वास लागायला लागला, घोटभर पाणी पिताना तिने डोळे मिटून घेतले, पण ती नाही म्हणाली नाही. मुलीच्या लग्नाचा धवला अर्धा सोडायचा नसतो. दहाव्या की अकराव्या वेळी तिने हात कानावरून काढला. सुपाकडे पाहणं सोडलं आणि माझ्या मधल्या बोटाकडे पाहायला लागली. आणि तिचा ग बरोबर काळी पाचवर येऊन बसला, इतका नेमका की दोन आवाजांतला कुठला तिचा ते सांगता येऊ नये. मी खुशीत शेवटपर्यंत वाजवत राहिले. धवला संपला. बाबांनी बटण बंद केलं. आई म्हणाली, "जाला तुज्या मनासारका?" मी हो म्हटलं. तिने आत जाऊन रक्त थुंकलं. त्यानंतर ती कधी गायली नाही. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत घसा पुन्हा उघडलाच नाही.

ऑपरेशन झालं, आई घरी आली, गळ्याला पांढरं फडकं. फडक्याखाली भोक, आणि त्यातून श्वासाची बारीक शिटी. कीबोर्ड मी दुसऱ्याच दिवशी परत दिला होता, पण कॅसेट ऐकवायला महिनाभराने गेले. मॅथ्यू सरांनी डोकं खाली घालून सगळं ऐकलं. मला वाटलं होतं ते शाबासकी देतील. ते म्हणाले, "आईचा असली सूर हा हाय?" मी सांगितलं, नाही, आधी चुकत होती, मी बसवून घेतला. त्यांनी विचारलं कसं चुकत होती. मी गाऊन दाखवायला गेले तर मला तो सूर गाता येईना. माझा गळा पट्टीवरच जायचा. त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. मग त्यांनी कीबोर्डवर काळी तीन आणि वरची काळी एक, दोनच दाबून धरल्या. "मधला तू कशाला दाबला? घर खाली ठेवायचा होता. आई येऊन राहिली असती तिच्या जागेवर." ते रागावून बोलले नाहीत. मला तेव्हा कळलं. सगळं एकदम कळलं. मी हे घरी कुणाला सांगितलं नाही, आणि पुढची तीन वर्षं ती कॅसेट डब्यात झाकून ठेवली.

आईने ती एकदाही ऐकली नव्हती. मांडवाआधी धवला ऐकायचा नाही, म्हणून. नेरे गावचं स्थळ आलं, लग्न ठरलं, तेव्हा मी म्हणून पाहिलं की कॅसेट राहू दे, दुसरी धवलारीण आणू. तिने हाताने साफ नाही सांगितलं, छातीवर बोट ठेवलं: मी आहे ना. हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात सगळा गाव होता. ती स्वतः डबा घेऊन आली आणि लाउडस्पीकरवाल्याच्या हातात कॅसेट दिली. मी पाटावर, समोर हळद, मागे धर्मीकाकी आणि बायका. कर्ण्यातून आधी माझे तीन सूर आले, मग आईचा आवाज. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पहिली ओळ संपताना शेवटचं अक्षर उचलायला धर्मीकाकीने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणालाच शिरता येईना. धर्मीकाकी हळूच म्हणाली, "यो गोमीचा नाय."

आईने माझ्या नावाशी येणारा गंधार ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या रागाची तयारी करून बसले होते. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. तिच्या हिशेबी मुलीच्या मांडवात चुकीचा धवला चालला होता, आणि त्याने काय होतं ते तिला माहीत होतं. ती उठली, जाऊन कॅसेट बंद केली, तांदळाचं सूप उचललं आणि माझ्यासमोर येऊन बसली. हात कानावर ठेवला आणि धवला म्हणायला लागली. फक्त ओठ हलत होते. फडक्याखालून शिटी येत होती. धर्मीकाकी पुढे सरकली, तिच्या तोंडाकडे बघत बघत तिने शब्द उचलले, मग सगळ्याच बायकांनी उचलले. जी ओळ त्यांनी जन्मात म्हटली नव्हती ती त्या पहिल्यांदा म्हणत होत्या. शब्द बरोबर आले, सगळे. माझं नाव आलं, सूर वर चढला, आणि गंधारावर प्रत्येक बाई वेगळीकडे गेली. ओठांवरून शब्द दिसतात, सूर दिसत नाही. आईने मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. तिने तळहात जरा वर नेला, मग जरा खाली, मग दोन बोटांत चिमूटभर अंतर धरून दाखवलं. त्या बिचाऱ्यांना कळेना काय हवंय. तिसऱ्यांदाही तसंच झालं तेव्हा तिने हात खाली ठेवला, आणि त्याच हाताने मला हळद लावली.

लग्न मोडलं नाही. आई त्यानंतर दीड वर्ष जगली, आणि माझा संसार मोडेल या धास्तीत जगली. मी माहेरी गेले की आधी माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र चाचपून बघायची. धर्मीकाकीही गेली. बाबा गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसून सांगितलं की पहिलाच बरा होता, पण ते तोवर ऐकण्याच्या पलीकडे होते. मी पुढे बरंच शिकले. कुठल्या कुठल्या मुलखांतल्या गाण्यांत असा दोन पट्ट्यांच्या मधला गंधार असतो, तेही वाचलं. तीस वर्षं मुलांना एक घे, एक सोड शिकवतेय. कधी दुपारी घरात कुणी नसलं की मी सा आणि प धरून बसते, मधलं बोट उचलून ठेवते, आणि आईला त्या जागेवर आठवायचा प्रयत्न करते. तिचा चेहरा येतो, कानावरचा हात येतो, माझं नाव येतं. पण सूर येतो तो मी अकरा वेळा बसवून घेतलेलाच, नेमका काळी पाच. तिचा स्वतःचा कसा होता, ते मला आठवत नाही.